'मला'च्या पुढे

जयदेव त्या हॉलमध्ये पहिल्यांदा शिरला तो पाठमोरा. दोन्ही हातांत आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली भली मोठी फ्रेम, त्यामुळे दार ढकलायला पाठच काय ती मोकळी होती. आणि नेमकी त्याच दारामागे वृंदा जमिनीवर फतकल मारून चित्रांच्या नावपट्ट्या लिहीत बसली होती. शाईची दौत कलंडली, लिहून झालेल्या पट्ट्या काळ्या झाल्या आणि नव्याकोऱ्या ओढणीवर ठसठशीत डाग पडला.

अंबरनाथच्या छंदगंध कला मंडळाचं प्रदर्शन दरवर्षी शिवमंदिराच्या अलीकडच्या शाळेत भरायचं, तेही महाशिवरात्रीच्या आठवड्यात. जत्रेला आलेली माणसं जाता जाता डोकावतात, हा त्यामागचा साधा हिशेब. मंडळात कारखान्यातले साहेब, त्यांच्या बायका, दोन-चार शिक्षक. कुणी निसर्गचित्रं काढायचं, कुणी भरतकाम करायचं. मधली मोठी भिंत मात्र दरवर्षी एका नव्या चित्रकाराला द्यायचे. १९८८ साली अध्यक्ष श्यामकांतांनी ती पालेगावच्या जयदेवला दिली. हा मुलगा उल्हासनगरात सिंधी दुकानदारांच्या पाट्या रंगवायचा. नावपट्ट्या सगळ्या एकाच हाताच्या हव्यात, हा मंडळाचा जुना दंडक. आणि तो हात वृंदाचा होता.

"चित्राचं नाव?" तिने ओढणी झटकत, जरा रागातच विचारलं.

"मला," तो म्हणाला.

वृंदाचा बोरू हवेतच राहिला. "तुम्हाला काय?"

"काही नाय… नाव विचारलंत ना? मला."

एवढ्यात त्याने लुगडं सोडलं आणि वृंदाचा राग कुठल्या कुठे गेला. हिरव्यागार वाफ्यांमध्ये एक बाई पाठमोरी वाकलेली, आणि तिचा एक हात मागे पसरलेला… कुणाकडे तरी काहीतरी मागत असल्यासारखा. मला. पुढचं सांगायचंच नाही, नुसतं 'मला'. वृंदाला ते इतकं आवडलं, की लिहिताना तिने त्या शब्दापुढे आपल्या मनाने तीन टिंबं घातली. मग पट्टी वाळायला ठेवली आणि उगाचच त्याच्याकडे बघितलं. तो शाई पुसत होता, स्वतःच्या रुमालाने.

पुढचे चार-पाच दिवस चित्रं टांगण्यात गेले. वृंदा स्टुलावर चढायची, जयदेव स्टूल धरायचा. तिने खिळा वाकडा मारला की तो काही बोलायचा नाही, फक्त ती उतरली की सरळ करून ठेवायचा. बोलायचा कमीच. मोजून मापून, एकेक शब्द तपासून बाहेर सोडायचा. आणि त्या थांबण्यात वृंदाचा जीव गुंतत चालला होता. एकदा तिला राहवेना.

"एक विचारू? 'मला'च्या पुढे काय आहे?"

"पुढे?" त्याने जरा विचार केला. "पुढे नाला आहे."

वृंदा हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी राहिली. काय खुबीने बगल दिली यानं, असं तिला वाटलं. ती का हसली ते न कळूनही तो हसला. तिचं हसणं त्याला आवडलं होतं, एवढंच.

पट्ट्या लागल्या त्या उद्घाटनाच्या सकाळी, पाहुणे यायच्या जरा आधी. श्यामकांतांनी मधल्या भिंतीपाशी येऊन मोठ्याने वाचलं, "मला…" आणि त्या अपुरेपणावर पाहुण्यांपुढे छोटंसं भाषणच केलं. जयदेव गोंधळून बघत राहिला. तेवढ्यात कारखान्यातला गुरुदत्त पुढे झाला. बदलापूरच्या कात्रप भागात राहणारा, आसपासच्या गावांत ऊठबस असलेला माणूस. तो खोखो हसत म्हणाला, "अहो, कसलं 'मला'? मळा म्हणायचंय त्याला! पालेगावात ळ नसतोच, सगळा ल." सगळा हॉल हसला. त्यात वाईटपणा नव्हता, पण जयदेवचा चेहरा पडला तो पडलाच. रोज पाट्यांवर ळ काढणारा हात होता त्याचा. लिहिताना कधी चुकला नव्हता. जीभ तेवढी घरची होती, म्हणून तर तो इथे इतका जपून बोलायचा.

तो वृंदापाशी आला. "तुम्ही मुद्दाम लिहिलंत?"

वृंदाच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडत होता. मळा… आणि पुढे नाला. तिच्या तोंडून शब्द फुटेना, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ त्याने आपल्या परीने लावला. फ्रेम उतरवली, लुगड्यात गुंडाळली आणि तो निघून गेला. भिंतीवर पट्टी तेवढी राहिली.

वृंदाला रात्रभर झोप लागली नाही. तो आपणहून परत येणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. आणि तो परत यायला हवा होता. चित्रासाठी नाही, तिच्यासाठी.

सकाळी ती पालेगावात पोचली. दारात सगुणाबाई तांदूळ पाखडत होत्या, जयदेवची आई. चित्रातली ती पाठ वृंदाने लगेच ओळखली.

"जयदेव? मल्यान हाय," त्या म्हणाल्या. "आन मना सांग, तू त्या शालेतली का? कालपासून जेवला नाय तो."

मना सांग. वृंदाने तो शब्द मनात घट्ट धरला आणि ती मळ्याकडे चालू लागली.

जयदेव वांग्यांना पाणी सोडत होता. मळ्याच्या पुढे खरोखरच नाला होता, आणि नाल्यापलीकडे प्लॉटचे पांढरे दगड रोवलेले, उद्या अलीकडेही येतील असे. त्याने हे चित्र का काढलं, तेही वृंदाला त्या क्षणी उमगलं.

"हसायला आलात?" त्याने न बघताच विचारलं.

ती काही न लपवता सगळं बोलली. ऐकलं तसं लिहिलं. तो मागे पसरलेला हात बघून वाटलं, कुणाला तरी काहीतरी हवंय आणि सांगता येत नाही.

"नाव तुमचं होतं. ती तीन टिंबं माझी," ती म्हणाली. "पुढचं ऐकायचं होतं मला. तुमच्याकडून."

जयदेवने फावडं टेकवलं. मग पहिल्यांदाच, शब्द न तपासता, घरच्या बोलीत म्हणाला, "आमच्यात तसं अर्धं काय नसतं. मला म्हंजे ह्यो मला. तुमचा 'मला' तो आमचा 'मना'."

"मना," वृंदाने म्हणून पाहिलं. "मना… तू आवडतोस."

जयदेवचे कान लाल झाले. पाणी वाफा सोडून भलतीकडे चाललं, त्याचं लक्षच नव्हतं.

"चुकलं," तो हळूच म्हणाला.

"काय चुकलं?"

"आवडतोस नाय म्हनत…"

"मग?"

"आवरतस."

"पूर्ण सांग," ती म्हणाली. "मी ऐकते तसंच लिहिते, ठाऊक आहे ना?"

त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "मना तू आवरतस."

संध्याकाळी चित्र पुन्हा मधल्या भिंतीवर लागलं. वृंदाने नवी पट्टी घेतली, तेव्हा श्यामकांतांनी ळ आठवणीने घालायला सांगितलं. पण जयदेव नको म्हणाला, त्याच्या आईचा शब्द होता तो. वृंदाने 'मला' असंच लिहिलं. टिंबं घातली नाहीत. पुढचं तिने ऐकलं होतं.