पंधरा नंबरचा जोड

दारात काढलेले ते काळे बूट कुणाचे रे? तुझे? छान आहेत. जुने घेतलेस ना कुणाकडून? वाटलंच. नव्या बुटाला अशी झळाळी येत नाही. किती दिवस झाले घालतोयस? सलग चार? आणि पाळ्या पण सलग चार म्हणे. आई सांगत होती तुझी.

बस इथे. तूही बस गं. गॅलरीतला दिवा राहू दे बंद, नाहीतर डास येतात.

एक सांगतो. ऐकीव नाही हं. माझ्याच हॉस्पिटलातल्या माणसाची गोष्ट आहे, माझ्या रिटायरमेंटच्या आदल्या वर्षाची. आणि शेवटचा भाग तर या दोन हातांनी... असो. क्रमाने सांगतो.

मी औषधांच्या काउंटरवर होतो, आणि तळघरात एक्स-रे काढायला एक गृहस्थ होता. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. आम्ही त्याला पॉलिशराव म्हणायचो. त्याला बुटांचं वेड. तेही नव्या नाही, जुन्या बुटांचं. कुणाच्या आजोबांचे, कुणाच्या साहेबाचे, सुटावर घालायचे, लेसचे, अस्सल कातड्याचे, तळ चिकटवलेला नव्हे, शिवलेला. असे चौदा जोड त्याने जमवले होते. भंगारवाल्याच्या पोत्यातून आणलेला मेलेला बूट महिनाभर घेऊन बसायचा. जुनं पॉलिश थराथराने उतरवायचं, कातड्याला मलम पाजायचं, चौकातल्या मोच्याकडून टाच बदलून घ्यायची. आणि मग हे महाशय तळघरात सुटाचे बूट घालून लोकांच्या बरगड्यांचे फोटो काढणार. आम्ही म्हणायचो, अरे, पेशंटचा फोटो काढतोस की स्वतःचं लग्न लावतोस?

त्याचा एक नियम होता. तो नीट ऐक, कारण सगळं तिथेच अडलंय. एकदा घातलेला जोड दुसऱ्या दिवशी घालायचा नाही. पायाचा घाम दिवसभर कातड्यात मुरतो, तो सुकायला एक अख्खा दिवस लागतो. त्या दिवशी बुटात लाकडी पाय घालून ठेवायचे. लाकडी पाय म्हणजे पायाच्या आकाराचे ठोकळे. ओल शोषतात, आकार धरून ठेवतात. प्रत्येक जोडाचे वेगळे, सुताराकडून त्याच मापाचे करून घेतलेले, आणि त्यावर पेन्सिलीने नंबर. तो म्हणायचा, विश्रांती नाही मिळाली तर बूट वरून चमकतो आणि आतून कुजतो.

त्याची बायको एकदा डबा द्यायला आली तेव्हा मला म्हणाली, "भावजी, आमच्या घरात बुटांना एक दिवसाआड सुट्टी आहे. पुढच्या जन्मी मी यांचा बूट होणार, बायको नाही."

हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते तिचे. कारण त्या वर्षी मे महिन्यात दुसरा एक्स-रेवाला सोडून गेला आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही. पॉलिशराव दोन्ही पाळ्या करायला लागला. दुपारी दोनला यायचं, सकाळी सहाला जायचं. आठवड्यातून पाच दिवस. डावा हात दुखतो म्हणायचा, जिना चढला की छाती धरायचा. दिवसाला साठ लोकांच्या छातीचे फोटो काढायचा, स्वतःचा एक नाही. तीनदा तिने हृदयाच्या डॉक्टरची वेळ घेतली, तीनदा याने पुढे ढकलली. हा असाच एक दिवस आडवा होणार, याच भीतीत ती बाई जगत होती. आम्हालाही दिसत होतं. आम्ही काय केलं? काही नाही. आम्हीही दमलेलो होतो.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी त्याला एका बाईंचा फोन आला. नवऱ्याचे बूट आहेत, बघून जा. संध्याकाळी हा कापडी पिशवी घेऊन गेला. दुसऱ्या मजल्यावरचं घर, सामान बांधलेलं. बाई मुलाकडे राहायला चालल्या होत्या. नवरा एका मोठ्या हॉटेलात हेड वेटर होता. बाईंनी खोक्यातून जोड काढला. काळा, लेसचा, हाताने शिवलेला. आतल्या तळव्यावर पायाचा ठसा उमटलेला, पाचही बोटं मोजावीत असा. लेस मात्र कापलेल्या.

"अठ्ठावीस वर्षं हाच एक जोड," बाई म्हणाल्या. "रोज. दोन्ही वेळच्या जेवणाला. बसायची परवानगी नव्हती तिथे. ट्रे हातात असतानाच गेले ते. उभ्या उभ्या. घरी आणलं तेव्हा बूट पायातच होते. गाठ सुटेना, म्हणून मीच कापल्या लेस."

 त्याने बूट पिशवीत ठेवले.

"नुसते मांडून ठेवणार की घालणार?" बाईंनी विचारलं.

"घालणार. न घातलेलं कातडं मरतं."

"मग एवढं करा, लागोपाठ घालू नका. यांना कधी एक दिवस मिळाला नाही हो."

"वहिनी, ते मला सांगावं लागत नाही," हा म्हणाला. "तो माझा नियमच आहे."

तो पंधरावा जोड. त्याने जीव ओतला त्यात. पॉलिशचे इतके थर निघाले की फडकी पुरेनात. उजवी टाच बाहेरच्या अंगाला पार झिजलेली, ती नवी बसवली. आतला तळवा मात्र बदलला नाही, ठशासकट तसाच ठेवला. लाकडी पाय करून आणले, पेन्सिलीने पंधरा लिहिलं. सोळा ऑक्टोबरला, बुधवारी, पहिल्यांदा घातले. मला काउंटरवर येऊन दाखवून गेला. लहान मुलासारखा खूश होता.

गुरुवारी सकाळी घरी गेला तो कोचावरच कोसळला. बूट दारापाशी पडले. लाकडी पाय घालायचे राहिले. दुपारी सव्वाला दचकून उठला, दारात जे दिसलं त्यात पाय घातले आणि पळाला. चौदा वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला, आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही.

कळलं रात्री. सव्वानऊला बायकोचा फोन आला. "आज परत तेच घातलेत? पंधरा नंबरचे लाकडी पाय इथे कपाटात आहेत. पुसून ठेवले मी. कुलूप लावलंय." त्या कपाटाचं दार आपोआप उघडायचं, म्हणून ती रोज कुलूप लावायची.

हा म्हणाला, "लक्षात नाही आलं गं. उद्या सुट्टी देतो त्यांना."

"आणि तुम्हाला?"

याने फोन ठेवला.

आता ती रात्र. सतरा ऑक्टोबर, गुरुवार. म्हणजे तारीख बदलली होती खरी. रात्रीचा एक चाळीस. हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं, आठव्या दिवशी, माझा हात धरून. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

एका अपघाताच्या पेशंटचा फोटो काढून झाला. स्ट्रेचर वर गेलं. तळघराचा कॉरिडॉर रिकामा झाला. एक ट्यूब चालू, एक बंद. पायांत गोळे आले होते. त्याने खुर्ची ओढली आणि बसायला गेला...

गुडघे वाकेनात.

त्याला वाटलं, पेटका आला. खुर्चीची पाठ धरली, जोर केला. छे. उभाच. मग पाय वळले. त्याने वळवले नाहीत. आपले आपण वळले आणि दाराबाहेर पडले.

तो चालायला लागला. कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पावलं सारखी. घाई नाही. उजव्या पायाची नवी टाच वाजायची. टक्. मग डावा. मग टक्. पाठ ताठ झालेली. आणि डावा हात... दुखरा हात... हळूहळू कोपरात वाकला आणि छातीसमोर आला. तळवा वर. काहीतरी तोलून धरल्यासारखा.

त्याने ओरडायचा प्रयत्न केला. तोंडातून शब्द फुटेना.

पाऊण तास असा. जिन्यातून सिस्टर डोकावली. तिला वाटलं, झोप येऊ नये म्हणून फेऱ्या घालतोय. "काय हो, किती चालाल?" म्हणाली आणि गेली. गेली ती. त्याने डोळ्यांनी हाका मारल्या तिला. डोळ्यांच्या हाका कोण ऐकतं?

घामाने शर्ट भिजला. छातीवर कुणी गुडघा रोवावा तसं व्हायला लागलं. पाय थांबेनात.

कॉरिडॉरच्या शेवटी एक बाकडं आहे. नातेवाइकांसाठी. प्रत्येक फेरीत ते रिकामं असायचं.

मग एका फेरीत ते रिकामं नव्हतं.

एक माणूस बसला होता. काळा कोट. पांढरा शर्ट. पायात बूट नाहीत. नुसते मोजे, तळव्याला झिजून जाळी झालेले. एक पाय मांडीवर घेऊन तो चोळत होता. आपण दिवसभर उभं राहून घरी आलो की चोळतो ना... तसा.

पॉलिशरावचे पाय वळले. परत त्या टोकाला. परत इकडे.

माणूस तिथेच होता.

आता त्याने मान वर केली. तोंडावर राग नव्हता. तेच तो मला पुन्हापुन्हा सांगत होता, राग नव्हता हो. इतका थकलेला चेहरा मी कधी पाहिला नाही, म्हणाला. तो याच्या बुटांकडे बघत होता. मग हाताकडे. मग तोंडाकडे.

याला म्हणायचं होतं, तुमचे आहेत, घ्या... घेऊन जा...

आवाज नाही.

माणसाने मान हलवली. नाही.

तिसरी फेरी. याचा श्वास पुरेना. डोळ्यांसमोर काळं यायला लागलं. बाकडं जवळ आलं.

आणि तो माणूस... सरकला.

बाकड्यावर सरकून त्याने जागा केली.

पाय थांबले. गुडघे वाकले. हा बसला.

ट्यूब गुणगुणत होती. कितीतरी वेळ.

मग तो माणूस उठला. समोर आला. खाली बसला, याच्या पायांपाशी. लेसवर बोटं फिरली. थंड बोटं. डाव्या बुटाची गाठ सुटली. मग उजव्याची. एकेक बूट हळूच काढला. आणि एक लांब श्वास ऐकू आला. हुश्श... असा.

"तो माझा होता की त्यांचा," पॉलिशराव मला म्हणाला, "ते मला सांगता येणार नाही."

पुढचं त्याला आठवत नाही. पुढचं मला माहीत आहे.

तीन वाजून दहा मिनिटांनी सिस्टर धावत माझ्या काउंटरवर आली. मी रात्रपाळीला होतो. आम्ही खाली पळालो. हा बाकड्यावर आडवा, अनवाणी, ओठ निळे. उचलून वर नेला. हृदयाच्या दोन नळ्या बंद होत्या. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास पायांवर असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं. नशीब, बसला.

वाचला. हो, आहे ना, चांगला आहे. नोकरी सोडली. उशिरा उठतो. ती भीती बायकोच्या चेहऱ्यावरून उतरायला वर्ष गेलं, पण उतरली.

काय म्हणालास? बूट?

तेच सांगायचं राहिलं.

त्याला वर पोचवून मी परत खाली गेलो, वस्तू गोळा करायला. बूट बाकड्याखाली होते. टाचा भिंतीला, टोकं बाहेर, जोडून ठेवलेले. उचलले, तर जड लागले.

आत बघितलं. लाकूड होतं.

दोन्ही बुटांत लाकडी पाय बसवलेले. नीट, टाचेपर्यंत दाबून. मी एक ओढून काढला. त्यावर पेन्सिलीने पंधरा लिहिलेलं होतं.

साडेचारला त्याची बायको रिक्षाने आली. मी तिला ते दाखवलं. तिने बघितलं. मग पर्समधून कपाटाची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

उजाडताना त्याचे कपडे आणायला मीच त्यांच्या घरी गेलो. हॉस्पिटलपासून सहा किलोमीटर. कपाटाला कुलूप होतं. मी उघडलं. चौदा जोड ओळीने, प्रत्येकात त्याचे लाकडी पाय.

पंधराव्या जागी काही नव्हतं.