धनसिंगच्या विहिरीतला पिवळा दगड

"बाई, माझ्या हिरीत हिरा निघाला!"

धनसिंगनं रुमाल सोडून दगड टेबलावर ठेवला, तसा भागवत खुर्ची ओढून पुढं आला. एसटीतून निवृत्त झाल्यावर तो हिंगोलीत माहेनूरबाईंच्या हाताखाली तपासाची कामं करत होता. चोऱ्या पाहिल्या, हरवलेली माणसं शोधली. हिरा मात्र पहिलाच.

माहेनूरबाई पूर्वी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. त्यांनी भिंग लावलं. दगड पिवळट होता, नखानं कड झडत होती, आत बारीक कण चमकत होते.

"हे चमकतंय ते अभ्रक. हिरा नाही, पण ज्यात हिरे सापडतात त्या जातीचा दगड खरा. किती फुटांवर मिळाला?"

"साठ. वरून अखंड काळा पाषाण. वसरामला सापडला, तवापासून सुरुंग बंद. हिरा फुटंल ना! पन लोक म्हनतात, शेजारच्या उकंडरावानं टाकला. माझी हीर खोल गेली की त्याची आटते."

दुपारी तिघं सेनगावजवळच्या त्या शेतात पोचले. बाईंनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: हिऱ्याचा दगड जमिनीत कसा असतो? भागवतला हा प्रश्न काही उमगेना.

उकंडराव भडकले. "असंल कोळशावानी! मला काय ठावं? आन धनसिंगच्या हिरीत दोराच्या पाळन्यात बसवून मला खाली सोडनार कोन?"

विहीर खोदणारा वसराम म्हणाला, "काचेवानी असंल. मलब्यात हाताला लागला, इतकंच."

त्याची बायको ज्योती पाळण्यातून खाली भाकरी नेई, मलबा भरी. ती चटकन बोलली, "वर पिवळा, भुसभुशीत. खोल गेलं की निळा-हिरवा, टनक." मग हळूच, "सुरुंग परत सुरू व्हनार का, बाई?" विचारताना ती विहिरीच्या पूर्वेकडच्या भिंतीकडं बघत होती.

बाईंनी सगळ्यांना काठावर बोलावलं.

"आपला काळा दगड म्हणजे जमिनीवर पसरून थिजलेला लाव्हा. हिऱ्याचा दगड मात्र शंभर-दीडशे किलोमीटर खोलवरून, नळीतून उसळल्यासारखा वर येतो. त्याची मुख्य दोन गोत्रं, किम्बरलाईट आणि लॅम्प्रोइट. हा कोणत्या गोत्रातला, ते पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागेल. पन्न्याच्या हिरेखाणीतल्या दगडाच्या गोत्रावरून तर जाणकारांत अजून वाद आहे. पण दोन्ही पिवळे पडतात ते वरच्या वर, हवापाण्यानं कुजून. साठ फूट अखंड पाषाणाखाली हवा कुठली? हा दगड उघड्या जमिनीवरून आलाय."

"मंग उकंडरावच!" धनसिंग ओरडला.

"त्यांना रंगसुद्धा माहीत नाही. वसरामलाही नाही. ज्याला पुस्तक न वाचता वरचा पिवळा नि खालचा निळा कळतो, त्यानं ती जमीन डोळ्यांनी पाहिलीय. खाली उतरायची मुभाही त्याला आहे. ज्योती, तू पन्न्याला कधी होतीस?"

ज्योतीनं पदर घट्ट धरला. "मागच्या साली. हे इथंच हिरी खोदत व्हते, मी तिकडं खानीजवळ रस्त्याच्या कामावर. लेकराला खेळायला आनला व्हता."

"काहून केलं असं?" धनसिंग खवळला.

"धनसिंग, आधी खाली जाऊन पूर्वेची भिंत पाहा," बाई म्हणाल्या.

तो पाळण्यातून उतरला. भागवत काठावरून वाकून बघत होता. धनसिंग वर आला तेव्हा त्याची बाही कोपरापर्यंत चिखलानं भरली होती. भिंतीतल्या भेगेत हात तेवढा आत गेला होता. त्यानं वसरामकडं पाहिलं. याच भिंतीखाली तो रोज सुरुंगाची भोकं पाडायचा; आणखी एखाद्या सुरुंगानं ती ढिली होऊन त्याच्यावरच कोसळली असती.

"पोरी," धनसिंग काठावर बसत म्हणाला, "सांगायचं ना!"

"तीनदा सांगितलं, मामा," ज्योती म्हणाली. "यान्लाबी सांगितलं. कोनी ऐकलं न्हाई."