स्पेनच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त

"कलश गेला," मंजूषा दारातूनच म्हणाली. मास्क काढायचंही तिला सुचलं नाही.

अजितने खुर्ची पुढे सरकवली. त्याची थोरली बहीण पद्मजा नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये खासगी तपासाचं काम करायची. एरवी तिच्या वाट्याला विमा कंपन्यांना टोप्या घालणारेच यायचे. घरून काम करून विटलेला अजित तिच्या मागे मागे फिरायचा, आणि आपण तिला मदत करतो असं मनापासून समजायचा.

मंजूषाचा नवरा नरेंद्र हिवाळ्यात करोनाने गेला. सासूबाई राधाबाई तिकडे गुहागरला. मुलाचं तोंड पाहणं नशिबात नव्हतं, निदान अस्थी तरी माझ्या हातात दे, एवढंच त्यांचं मागणं. विमानं बंद, म्हणून कलश घरातच थांबला होता. आता ऑगस्टात कसंबसं रविवारचं तिकीट हाती आलं, आणि कलशच नाहीसा झाला. मंजूषा चार दिवस मैत्रिणीकडे नायमेखनला गेली होती, तेवढ्यात. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडे होत्या: वरच्या खोलीत राहणारी विद्यार्थिनी तेजल, शेजारचे विश्वासकाका आणि लायडनला राहणारा धाकटा दीर कुशल.

"आईंना काय सांगू?" एवढंच मंजूषा पुन्हा पुन्हा विचारत होती.

विश्वासकाकांनी बेधडक तेजलचं नाव घेतलं. पोरगी कलशाला घाबरायची, दिला असेल टाकून, म्हणाले. ते स्वतः फक्त बागेतल्या झाडांना पाणी घालत. साथ आल्यापासून त्यांनी दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. अजितला ते सोळा आणे पटलं.

तेजल रडकुंडीला आली होती. घाबरायची हे तिने कबूल केलं. पण गेल्या शुक्रवारी संध्याकाळी ती घरी परतली तेव्हा नरेंद्रच्या फोटोपुढे दिवा तेवत होता. काकांनी लावला असेल असं समजून ती दारातूनच मागे फिरली होती.

कुशल मात्र भरभरून बोलला. कालच तो गाडीने स्पेनहून परतला होता. व्हॅलेन्सियाजवळ, अगदी पूर्व किनाऱ्यावरच्या खेड्यात शेतावरचं घर सुट्टीपुरतं भाड्याने घेतलं होतं म्हणे. ऑलिव्हच्या बागा, तेलाचा जुना घाणा, गावचा आठवडी बाजार, शेळीच्या दुधाचं चीज, डोंगरातली गुहा, सगळं त्याने मन लावून सांगितलं.

"आणि संध्याकाळी?" पद्मजाने विचारलं.

"संध्याकाळी किनारा. ओहोटीला ओल्या वाळूवरून लांबवर चालायचं, मग सूर्य पाण्यात बुडेपर्यंत बसून राहायचं."

गेल्या शुक्रवारचा फोटोही त्याने दाखवला: मैलभर ओली वाळू, उघडा समुद्र, अर्धा बुडालेला सूर्य. अगदी आपल्या दापोलीसारखं, अजित हळहळून म्हणाला. पद्मजाने भावाकडे टक लावून पाहिलं.

शनिवारी सकाळी तिने सगळ्यांना मंजूषाच्या घरी बोलावलं. खिडक्या उघड्या होत्या.

"कलश न्यायच्या आधी कुणीतरी दिवा लावला," पद्मजा म्हणाली. "घाबरलेलं माणूस दिवा लावत बसत नाही, आणि काका आत गेलेच नव्हते. म्हणजे नेणाऱ्याची नरेंद्रवर माया होती. राहिला कुशल. पण कुशल, पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो. मावळतो तो मागच्या डोंगरात."

अजितचं तोंड उघडंच राहिलं.

"ही चूक कोकणातला माणूसच करणार. आपल्याकडे सूर्य रोज समुद्रात बुडतो, आणि समुद्र म्हटला की ओहोटी आलीच. तिकडच्या समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम वीतभर. एवढी ओली वाळू उघडी पडायची नाही. हा फोटो इथला आहे, लायडनशेजारच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. शुक्रवारी कलश तुझ्याजवळ होता."

कुशलने सगळं कबूल केलं. स्पेनचं घर त्याने केव्हाच रद्द केलं होतं. तिथे काय काय बघायचं, ते त्याने जाहिरातीतून पाठ केलं होतं.

"दादा गेला तेव्हा मी क्वारंटाइनमध्ये," तो म्हणाला. "भावाला स्क्रीनवर जळताना पाहिलं, वहिनी. मग अस्थीही तूच नेणार. वाटलं, एक तरी काम माझ्या हातून होऊ दे. कमरेइतक्या पाण्यात गेलो. पण हात सुटेना."

"म्हणजे आहे?"

"गाडीत आहे. परत ठेवायला तोंड नव्हतं."

मंजूषाचा राग उसळून आला होता, पण आवाज निघाला तो थकलेलाच. "मीही तापाने पडले होते, कुशल. मीसुद्धा स्क्रीनवरच पाहिलं. हात त्याला कुणाचाच लागला नाही."

तो कलश घेऊन आला. तिने घेतला नाही, फोन त्याच्यापुढे धरला. "तुझ्याकडेच राहू दे. विमानतळापर्यंत तूच आण. पण आता आईंना सांग."

पडद्यावर राधाबाई दिसल्या, आणि कुशलला हुंदका आवरेना. त्यांनी लेकाला बराच वेळ रडू दिलं.

"मी अजून रडले नाहीये रे," त्या म्हणाल्या. "तो घरी आला की रडणार आहे. निघतोय ना उद्या?"