बियाण्याचं पाणी

ताजं अंडं मिठाच्या पाण्यात सोडलं की त्याचा जेवढा भाग वर दिसतो, तो आठ आण्याच्या नाण्याएवढा असावा लागतो. आमच्या तिकोणा पेठ गावात भाताचं बियाणं निवडायचं पाणी असंच तपासतात. पोकळ दाणे वर येतात, ते कोंबड्यांना. भरलेले तळाशी बसतात, ते पेरायला. दहा लिटरला साधारण सव्वा किलो मीठ. हा आकडा माझा. शेजारच्या लीलाबाईंना अंडं पुरतं.

मी तळेगावच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझा नवरा मुकुल पवनेच्या धरणात पोहायला उतरला आणि बाहेर आला नाही. तेव्हापासून मी काठावरच्या आमच्या घरात एकटी राहते. बुडालेलं शरीर काही दिवसांत वर येतं. आत वायू साठतो, घनता कमी होते. शोधायला आलेल्या माणसांना हे मीच समजावलं होतं. मुकुलचं शरीर वर आलं नाही. पिठाचा पुतळा करून अग्नी द्यायचा का, असं माझा दीर सुश्रुत दर मार्चमध्ये फोनवर विचारतो. मी म्हणते, पुरावा मिळू दे.

मेअखेरीस एका सकाळी लीलाबाईंच्या अंगणात आम्ही दोन टब मांडले. पहिल्यात नळाचं पाणी घेऊन मीठ विरघळवलं. मग वीज गेली, म्हणून दुसऱ्यासाठी मी धरणावरून बादलीने दहा लिटर पाणी आणलं. सव्वा किलो मीठ घातलं. अंडं बुडालं.

"मीठ कमी पडलं वाटतं," लीलाबाई म्हणाल्या.

अजून एक किलो घातलं. मग आणखी. चार किलोंनंतर मीठ विरघळेना, तळाशी पांढरा थर बसला. अंडं त्या थरावर आडवं पडून होतं. तेच काढून पहिल्या टबात सोडलं, तर बरोबर आठ आणे. परत दुसऱ्यात, तर तळाशी.

त्याच टबात बियाणं ओतलं. एकही दाणा वर आला नाही. मी एक पोकळ दाणा चुरडून त्याचं फोलपट पाण्यावर ठेवलं. तेही खड्यासारखं सरळ खाली गेलं.

"कालेजात पोरांना काय सांगत व्हता मग?" लीलाबाई हसल्या. त्यांनी पायातली रबरी चप्पल काढून टबात टाकली.

चप्पल बुडाली. त्यांचं हसू थांबलं.

"म्याडम, हे पाणी कुटनं आणलं?"

"मुकुलचे कपडे सापडले होते, तिथून."

"दुसरी जागा न्हाई गावली तुमास्नी?"

मी काडीने अंड्यावरचे दाणे बाजूला सारले.

"तुमी सोडत न्हाई त्यास्नी. मग हितं काय वर येनार?"

"मावशी, असं नसतं."

"मग कसं असतं, ते सांगा."



तेव्हा अंडं फिरायला लागलं. पाणी स्थिर होतं, भोवतीचे दाणे हलत नव्हते. मी घड्याळ लावून मोजलं. तेरा सेकंदांना एक फेरा. फिरतं कच्चं अंडं बोटाने थांबवून लगेच सोडलं, तर ते पुन्हा फिरतं, कारण आतला बलक थांबलेला नसतो. वर्गात मी हे करून दाखवत असे. एकदा होतं, फार तर दोनदा.

मी बोट लावलं. ते थांबलं. बोट काढलं. ते फिरलं.

असं नऊ वेळा झालं.

दहाव्या वेळी बोट टेकताच ते खाली सरकलं. मी बोट त्याच्यामागे नेलं. मनगट बुडालं, बांगड्या बुडाल्या. पाणी थंड होतं, मे महिन्यातल्या उन्हात ठेवलेलं वाटत नव्हतं.

टब एक वीत खोल होता.

माझं कोपर पाण्यात गेलं. अंडं अजून बोटाखालीच होतं.

"म्याडम," लीलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हात काडा."

अंडं निसटलं. बोटाखाली नुसतं पाणी उरलं.

मग खालून माझ्या बोटाला काहीतरी टेकलं. हलकंच. मी अंड्याला बोट टेकवत होते, तसंच. थांबलं. दूर झालं. पुन्हा टेकलं.

"मावशी," मी म्हणाले, "सुश्रुतला फोन लावा. मुकुल गेला म्हणून सांगा. उद्या अग्नी देऊ."