जित्याला हार

नेकनूरच्या रस्त्यावर दूध संस्थेचं शीतकरण केंद्र होतं. म्हणजे इमारत होती, दूध नव्हतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष चाललं होतं आणि छावणीतल्या गुरांना माशी हाकलायचंही बळ नव्हतं, मग दूध कुठून येणार. केंद्राला कुलूप लागलं. आत पांढऱ्या फरशीचा मोठा हॉल, उंच खिडक्या, भिंतींत मुरलेला आंबूस वास. हा हॉल अंजनाने चित्रांच्या प्रदर्शनासाठी मागितला, तेव्हा संस्थेचे चेअरमन आबासाहेब बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, न्या बापडे, उंदरांपेक्षा माणसं बरी.

पोटासाठी अंजना शाळांच्या भिंती आणि दुकानांच्या पाट्या रंगवायची. मनासाठी मोठाले कॅनव्हास. त्यांत ना झाड, ना बाई, ना देव. आटलेल्या तलावातला गाळ ती गोणीत भरून आणी, डिंकात कालवी आणि थरावर थर चढवी. असली चित्रं बघणारे पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत, पण तिचा हट्ट असा, की ज्यांच्या तलावातला गाळ, त्यांनी आधी बघावं. त्यापायी ती छावणीत, बाजारात, टँकरच्या गर्दीत फिरली आणि ज्याला त्याला सांगत सुटली, चित्रात काय आहे ते मला विचारू नका, तुम्हाला काय दिसतं ते मला सांगा. लोक मान डोलवत. हाताला काम नव्हतंच, त्यामुळे येऊ म्हणाले.

खरं तर यायला हवं होतं ते एकाच माणसाने. तिच्या आईने.

मनकर्णाबाईंची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्याचं नाव त्यांनी कचरू ठेवलं. काळाला वाटावं, हा कचरा कशाला न्यायचा. काळ फसला, पोरगा वाढला. मिसरूड फुटल्यावर ऊसतोडीला गेला, आणि हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर माघारी येताना वाटेत ट्रक थांबला, तिथे 'पाणी पिऊन येतो' म्हणून उतरला. तो पुन्हा ट्रकमध्ये चढला नाही. भावकी सांगून थकली, की आता जलदान विधी उरकून घ्या, जिवाला शांती मिळू द्या. मनकर्णाबाई एकच म्हणत, पोरगा पाणी प्यायला गेलाय, जलदान कुणाचं करता?

त्याचा एकही फोटो नव्हता. अंजना तेव्हा लहान, कायम त्याच्या खांद्यावर. त्यामुळे तिला त्याची मान आठवे, कानांची टोकं आठवत, चेहरा आठवत नसे. तिला औरंगाबादला चित्रकला शिकायला पाठवताना आईने एवढंच मागितलं होतं, की शिकून ये आणि माझ्या कचरूचा चेहरा काढ. अंजना शिकून आली, चेहरा काही आला नाही. तेव्हापासून आई तिच्या चित्रांकडे पाठ करून बसे. हे अंजनाला लागे, फार लागे, आणि आईला दोषही देता येत नसे.

उद्घाटनाला आई आली ती लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून. मागच्या खुर्चीत, दाराकडे तोंड करून बसली.

आपल्याकडे प्रतिमापूजनाशिवाय काही सुरू होत नाही, मग ती पतसंस्था असो की पिठाची गिरणी. माइक धरलेल्या गुरुजींनी सवयीने विनंती केली, की अध्यक्षांनी प्रतिमापूजन करावं. आबासाहेब हार घेऊन उठले. अंजनाने टेबलावर कुणाची तसबीर ठेवलीच नव्हती. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि समोरच्या सगळ्यांत मोठ्या कॅनव्हासला हार घालून हात जोडले. त्यांच्यामागे सगळ्या हॉलने हात जोडले. अंजनाला हसू आवरेना.

तेवढ्यात मनकर्णाबाई उठल्या. चित्रापाशी आल्या आणि हार काढून खाली ठेवला.

"जित्या माणसाला हार कावून घातला, आबासाहेब?"

"कोन माणूस, मावशी?"

"आमचा कचरू की ह्यो."

आबासाहेब मुरलेले पुढारी. कशाबद्दल ते न कळताही माफी मागून मोकळे झाले.

अंजनाने कॅनव्हासकडे पाहिलं. करडा गाळ, भेगा, वरच्या कोपऱ्यात ओल्या फडक्याने पुसलेला फिकट पट्टा. म्हातारीला हवं ते दिसलं, असं तिने मनाशी म्हटलं. दिसेल ते सांगा, असं तीच तर सांगत फिरली होती. आणि कसं का असेना, आई तिच्या चित्राकडे तोंड करून उभी होती. दुधाच्या टाकीमागे जाऊन अंजना पोटभर रडली. ते सुखाचं रडू होतं.

दुसऱ्या दिवशी लिंबागणेशच्या सुंदरबाई आल्या. जीप बंद पडली म्हणून सावलीला शिरलेल्या, या घराशी ना ओळख ना पाळख. त्या त्याच चित्रापुढे थबकल्या. म्हणाल्या, नळावर माणूस वाकलाय, पाठमोरा, एक खांदा पडका. कचरूचा डावा खांदा पडका होता. लहानपणी ती त्याच बाजूने घसरायची. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मग गुरुजींना तो सरळ उभा राहिलेला दिसला. छावणीतल्या एकाला तो तोंड पुसताना दिसला. एकाचं ऐकून दुसरा सांगत असेल, म्हणून अंजना लोकांना दारातच गाठून एकेकाला आत सोडू लागली. तरी सगळ्यांचं जुळत गेलं. आता तो वळला होता, हसत होता. दाराशी देवळासारखा चपलांचा ढीग पडू लागला. एका चित्रापुढे माणसं तास तास मुकाट उभी राहत. हेच तर तिने आयुष्यभर मागितलं होतं. ती त्यांच्यात उभी राही, आणि तिला गाळ दिसे.

आई सकाळी येई ती दिवेलागणीला जाई. चित्राखाली टँकरच्या पाण्याचा तांब्या भरून ठेवी. संध्याकाळी तांब्या रिकामा असे. उन्हाने आटलं असेल, असं अंजना स्वतःला सांगे. तांब्याच्या काठाला गाळ लागलेला असे, तो ती पदराने पुसून टाकी.

एका दुपारी तिला राहवलं नाही.

"माय, चेहरा कसा हाय त्याचा?"

आईने चित्राकडे पाहिलं, मग लेकीकडे. "तुला दिसंना व्हय?"

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. आईला तिची कीव आली होती. तिने अंजनाला बोट धरून कॅनव्हासजवळ नेलं, जसं लहान पोरीला चांदोबा दाखवतात. डोळ्यांना धार लागेपर्यंत अंजना बघत राहिली. शेवटी खोटंच म्हणाली, दिसला. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. लेकीचं खोटं तिला कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी टँकर आला. अंजना घागरी घेऊन धावली. परतली तेव्हा आईची जागा रिकामी होती. हॉलमधली माणसं म्हणाली, आत्ता तर इथंच होत्या. बाहेर जाताना कुणी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळ झाली. लोक आपापल्या चपला घालून गेले. दाराशी एकच जोड उरला.

विहिरी बघायला वेळ लागला नाही. सगळ्या कोरड्या होत्या, वाकलं की तळ दिसे. एसटी स्टँड झालं, केज झालं, सगळे सोयरे झाले.

लोकांनी हॉलकडे यायचं सोडलं. अंजना मात्र रोज कुलूप काढी आणि चित्रासमोर बसे. आईवाचून घर खायला उठे, आणि इथे निदान बसायला जागा होती.

मग एकदा उन्हाने कासावीस झालेल्या भिवराबाई आत आल्या. परगावच्या होत्या, त्यांना काही ठाऊक नव्हतं. अंजनाने त्यांना पाणी दिलं. पिता पिता त्यांची नजर चित्रावर गेली.

"लई जीव लावून काढलंय, बाई. मायलेकरं हायत न्हवं?"

अंजनाने हळूच विचारलं, काय करताहेत ती.

"जायला निघाल्यात. पर थांबल्यात. म्हातारी हातानं बोलावतीय कुणाला तरी." भिवराबाईंनी चित्राकडून अंजनाकडे पाहिलं. "तुमालाच की, बाई."

अंजना उठली. नाक टेकेल इतकी जवळ गेली.

गाळ होता. भेगा होत्या.

"कुठं?" तिने विचारलं. "मावशी, कुठं?"

भिवराबाईंनी पुन्हा चित्राकडे पाहिलं.

"आता खाली घेतला तिनं हात," त्या म्हणाल्या. "पाठ फिरवली."