साडेतीन सेंटिमीटर जास्त

पाण्याच्या लोखंडी टाक्या तपासणं हे माझं काम. मीटर लावून मोजकं पाणी सोडायचं, त्याला तळाच्या क्षेत्रफळाने भागलं की पाण्याची उंची निघते. मग टेप टाकून ती ताडून बघायची आणि दाखल्यावर सही करायची. ही टाकी दोन मीटर लांब, एक मीटर रुंद. दोन हजार लिटर पाणी, म्हणजे उंची बरोबर शंभर सेंटिमीटर.

टेपवर साडेतीन जास्त आले.

तीनदा टाकी रिकामी करून पुसली, तीनदा भरली. साडेतीनच.

"टाकीनं बाळसं धरलं की काय?" कारखान्याचे मालक हसले. "करा ना सही, बाई. दुपारी गिऱ्हाईक येतंय."

मला हसू आलं नाही. साडेतीन सेंटिमीटर म्हणजे सत्तर लिटर. माणूस साधारण पाण्याइतकाच जड असतो, आणि माझा धाकटा भाऊ सत्तर किलोचा होता. गेल्या वर्षी याच टाकीला आतून रंग देताना तो वाफेने गुदमरून गेला. टाकीच्या तोंडाशी त्याचा दोर धरून उभ्या असलेल्या माणसाला मालकांनी ट्रक भरायला पिटाळलं होतं. वर 'प्यायला होता' म्हणून खापर भावाच्याच डोक्यावर फोडलं. तो साध्या बिडीलाही शिवत नसे. मी ब्र काढला नाही, नोकरीही सोडली नाही. मला फक्त हा माणूस या टाकीत उतरलेला बघायचा होता.

पाणी काढून टाकलं. "तळ फुगलाय बहुतेक," मी म्हणाले. "तुम्हीच उतरून बघा. दोर मी धरते."

मालकांनी कमरेला दोर बांधला आणि शिडीने उतरले. आत त्यांच्या चपला वाजल्या.

"बाई, इथं कोण आहे?"

मी दोर सोडून दिला.

दुसरी हाक आली नाही.

टॉर्च मारला. चार भिंती, कोरडा तळ. दोराची गाठ होती तशीच होती, तिच्यात कंबर नव्हती. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

गिऱ्हाईक यायला तास होता. मी पुन्हा दोन हजार लिटर सोडले आणि टेप टाकली.

एकशे दहा.

दहा सेंटिमीटर म्हणजे दोनशे लिटर. भावाचे सत्तर. मालकांचे ऐंशी, दर सोमवारी कारखान्याच्या काट्यावर उभे राहून तेच ओरडून सांगायचे. वजाबाकी दोनदा केली. पन्नास उरले.

त्याच काट्यावर माझं वजन पन्नास भरतं.