सिबारिसची घोडी

पावा आहे. स्वार नाही.

क्राती नदीच्या मुखाशी, प्रयोगशाळेच्या अंगणात सहायक दिगंबर कातकडे गाल फुगवून जोडपावा वाजवत होता आणि घोडी गवत खात होती.

"नाचत नाही," परवाना समितीच्या रोझारियाबाई म्हणाल्या.

"जरा धीर धरा," डॉ. शाल्मली उकिडवे म्हणाली.

याच गाळाखाली सिबारिस होते. ग्रीकांचे गडगंज नगर. झोपमोड नको म्हणून तिथे कोंबडे पाळायलाही बंदी होती म्हणतात. घोडदळाचे घोडे मेजवान्यांत पाव्यावर नाचत. मग शेजारच्या क्रोतोन नगराने ऐन लढाईत तोच सूर वाजवला, घोडे नाचू लागले, सिबारिस पडले. जिंकणाऱ्यांनी त्यावरून नदी वळवली, अशी कथा. गाळात सापडलेल्या एका हाडातून शाल्मलीने ही पुनर्जात घोडी घडवली होती.

"पण शिकवलेलं रक्तात कसं उतरेल?" बाईंनी विचारले.

"पिढ्यान्‌पिढ्या तेच शिकवलं की जनुकांवर रासायनिक खुणा राहतात. कोणतं जनुक जागं, कोणतं झोपलेलं, हे त्या ठरवतात. हाडातल्या खुणा मी जशाच्या तशा हिच्यात उतरवल्या. ही वंशस्मृती."

"आणि ती दिसली नाही तर?"

शाल्मलीने फाटकाकडे पाहिले. स्मृती सिद्ध झाली नाही, तर पुनर्जात प्राणी जिवंत ठेवता येत नसे. समितीची सुई गाडीत तयार होती.

पावा आहे. स्वार आहे.

"एकदा बसते तिच्यावर," शाल्मली म्हणाली. "निरोप म्हणून."

पाठीवर माणूस सोसण्यापलीकडे घोडीला काहीही शिकवलेले नव्हते; शिकवले असते तर प्रयोगच बाद. दिगंबरने जड मनाने सूर धरला.

घोडीने पुढचा पाय उचलला. मग दुसरा. मान वाकवून ती जागच्या जागी फिरली, ठेका धरून.

"नाचली! अगं, नाचली की ही!" पावा सोडून दिगंबर ओरडला. घोडी थांबली.

"मघाशी का नाही नाचली?" बाईंनी विचारले. त्या काही सोडणाऱ्यातल्या नव्हत्या.

पावा आहे. स्वाराच्या कानांत बोळे.

घोडी ढिम्म.

"म्हणजे ऐकतेस तू," दिगंबर म्हणाला. "ती नाही."

खोगिराखालच्या दाब मोजणाऱ्या पटावर सगळे उमटले होते. आधीच्या खेपेला ठेक्याठेक्याला शाल्मलीचे गुडघे घोडीच्या कुशीत रुतत होते. दिगंबरच्या सरावामुळे दोन वर्षे जेवताना, काम करताना हाच सूर तिच्या कानांवर पडत होता.

"मी काही केलं नाही, शपथ!"

"तुझ्या गुडघ्यांनी केलं, बाई."

पावा नाही. गुडघे आहेत.

शाल्मलीने मुद्दाम ठेक्यात गुडघे दाबले. घोडी नाचली.

"हिला हे कोणी शिकवलं?" रोझारियाबाईंनी विचारले, आणि उत्तर त्यांचे त्यांनाच सुचले. "कोणीच नाही!"

"कोणीच नाही," शाल्मली हसली. "घोड्यांना पाव्याचं काय? ते गुडघ्यांचा हुकूम मानायचे, आणि तेच हिच्यात उतरलंय. ठेका सुटत नव्हता तो स्वारांचा. पाळण्यापासून मेजवानीत वाढलेले ते. समोर शत्रू, कानांवर सूर. घोड्यांनी शेवटपर्यंत हुकूम पाळला."

बाईंनी गाडीकडे हात हलवून सुई परत न्यायला सांगितले. शाल्मली घोडीच्या मानेवर ओठंगली आणि बराच वेळ तिच्या आयाळीत तोंड खुपसून राहिली.

"उतर आता," दिगंबर म्हणाला.

"थांब रे. एक बघू दे. आता मला सगळं ठाऊक आहे. या खेपेला गुडघे हलू देणार नाही. वाजव."

त्याने वाजवले. शाल्मलीने दात आवळले, मांड्या ताठ केल्या, नजर दूर नदीवर लावली.

घोडी नाचू लागली.

"अगं, थांबव ना!"

"थांबवतेच आहे!" शाल्मली म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. घोडदळातला एकेक स्वार असाच हसत असणार, असे तिला वाटून गेले.

"बंद करू?"

"नको," ती म्हणाली. "वाजव."